लास्टडेट सर

प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात एक शवविच्छेदनाची खोली असते, एक बंद पडलेली लिफ्ट असते आणि एक लास्टडेट सर असतात. पाहणीला निरीक्षक आले की लिफ्टवर 'काम चालू आहे' अशी पाटी लावून वेळ मारून नेता येते. सरांवर पाटी लावता येत नाही. ते निरीक्षकांनाच जिन्यात गाठतात आणि विचारतात, "सर, तुमच्याकडे एक्स्ट्राम्युरल ग्रँटची तारीख वाढवली का हो?"

आमचे जळगावचे सर पीएसएमचे, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राचे. मूळचे रावेर तालुक्यातले, केळीवाल्यांच्या घरातले. नाव केबिनच्या पाटीवर आहे, पण त्या पाटीवर कार्यशाळांच्या पत्रकांचे इतके थर चढलेत की नव्या शिपायाला ते अजून कळलेलं नाही. सकाळी उठून जळगावची माणसं दोन भाव बघतात, केळीचा आणि सोन्याचा. सर तारखा बघतात. मुलीचं लग्न कधी झालं असं विचारलं तर म्हणतील, "इंडिया अलायन्सचा फॉर्म बंद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी." आणि ते खरं असतं. गुरुजींनी दोन मुहूर्त काढले होते. त्यातला आधीचा सरांनी 'क्लॅश होतोय' म्हणून परत केला.

"पैसा खूप पडलाय हो, मागणारे नाहीत," हे त्यांचं पालुपद. ते सुरू झालं की पुढची पंधरा मिनिटं आपली नाहीत असं समजावं. दिल्लीची आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधन परिषद, 1911 साली इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या नावाने जन्मली आणि 1949 साली तिचं नाव बदललं, हे सर अशा थाटात सांगतात की दोन्ही बारशांना ते घुगऱ्या खाऊन आले असावेत. मग हैदराबादची इंडिया अलायन्स. भारत सरकारचं जैवतंत्रज्ञान खातं आणि लंडनची वेलकम ट्रस्ट यांनी 2008 मध्ये सुरू केलेली. दवाखाना सांभाळून संशोधन करणाऱ्या डॉक्टरांसाठी तिच्यात वेगळ्या फेलोशिप. मग त्याच जैवतंत्रज्ञान खात्याची बायरॅक. डोक्यात नुसती कल्पना असेल तरी तिच्यातून वस्तू घडवायला 50 लाखांपर्यंत देणार. आणि शेवटी आवाज खाली आणून, "आयसीएमआर 2 कोटींपर्यंतच्या ग्रँटला काय म्हणते माहितीये? स्मॉल!" आमच्या सराफ बाजारातसुद्धा दोन कोटींना 'स्मॉल' म्हणायची कोणाची छाती नाही.

माझा या सगळ्याशी संबंध यायचं काही कारण नव्हतं. मी निवृत्त मराठीचा मास्तर. पण 2019 च्या औषध चाचण्यांच्या नियमांनुसार एथिक्स कमिटीवर निदान सात माणसं लागतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा लागतो, कायदा जाणणारा एक लागतो आणि ज्याला यातलं काही कळत नाही असाही एक लागतो. त्याला ले पर्सन म्हणतात. सर एके संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले,

"गुरुजी, तुम्हाला क्लिनिकल ट्रायलमधलं काही कळतं का?"

"नाही बुवा."

"अगदी काहीच?"

"काहीच नाही."

"मग तुमच्यासारखा माणूस मिळायचा नाही," असं म्हणून त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला. अज्ञानाच्या जोरावर मला आयुष्यात मिळालेली ही पहिलीच नेमणूक. पुढे त्यांनी माझ्याकडून गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं प्रशिक्षणही करून घेतलं. ते प्रमाणपत्र आमच्या हिने देव्हाऱ्याशेजारी लावलं आहे, आणि शेजारच्या आजी तेव्हापासून मला गुडघ्याचं विचारतात.

कमिटीच्या बैठकीत सरांना बघावं. हातात प्रत्येक प्रस्तावाच्या प्रती, खुणांच्या रंगीत चिठ्ठ्यांसकट. "ट्रायल सीटीआरआयच्या पोर्टलवर रजिस्टर केली का? पहिला पेशंट घ्यायच्या आधी करायचं, नंतर नाही. 2009 च्या जूनपासून सक्ती आहे." तरुण डॉक्टर चळाचळा कापतात. मी कचोरी संपवून माझा ठरलेला प्रश्न विचारतो, "यात त्या पेशंटला काय मिळणार?" दरवेळी खोलीत शांतता पसरते आणि सर वहीत लिहून घेतात, 'ले पर्सन रेझ्ड अ व्हॅलिड पॉइंट.' आता हा मुद्दा छापील फॉर्मात आधीच घातला जातो, त्यामुळे माझ्याकडे कचोरीशिवाय काम उरलेलं नाही.

सरांचा खरा पराक्रम बघायचा तो शेवटच्या दिवशी, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. पोर्टल संध्याकाळी पाचला बंद होणार. साडेतीनला वीज गेलेली. डीनसाहेब नाशिकला विद्यापीठात, त्यांचा शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली डीनसाहेबांच्या खिशात. अशा वेळी इतर माणसं देवाचं नाव घेतात. सर झेरॉक्सवाल्याचं घेतात. हा दहावी नापास मुलगा, पण मॅनपॉवर, कन्झ्युमेबल्स, कंटिन्जन्सी, ओव्हरहेड ही अंदाजपत्रकातली खाती त्याला बाराखडीसारखी पाठ आहेत. "सर, सीव्ही दोन एमबीच्या आत बसवला. तुमचा फोटो काढून टाकला, त्यानेच जड झाला होता." एकदा तर एका प्राध्यापिकेला तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही ऑब्जेक्टिव्ह तीन लिहिलेत आणि रिझल्ट चार." मॅडमनी तपासलं. चारच होते. संशोधन-लेखात त्याचे आभार मानायची पद्धत नाही. मला विचाराल तर ती सुरू करावी.

धुळ्याची कार्यशाळा मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. धुळे आणि जळगाव यांच्यात या बाबतीत जावांसारखी चढाओढ आहे. जळगावचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 2018 चं, धुळ्याचं त्याच्या कितीतरी आधीचं, आणि धुळेकर ते विसरू देत नाहीत. सर एसटीने निघतात, एरंडोल-पारोळा मार्गे, मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल. फाइल कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "कोणी विचारलं तर?" मी बरोबर का होतो? कमिटीच्या सदस्यांनाही प्रशिक्षण लागतं, आणि एसटीत ज्येष्ठांना सवलत आहे.

मे महिना. सभागृहात पंखे गरम हवा इकडून तिकडे करत होते. उद्घाटन, दीपप्रज्वलन (पंख्याने वात चार वेळा विझली), गुच्छ, गटाचा फोटो. मग जेवायला वरण-बट्टी, तूप सढळ. आणि तूप पोटात स्थिरावल्यावर कार्यक्रमपत्रिकेतला विषय होता सँपल साइज. फळ्यावर फोर पीक्यू बाय एल स्क्वेअर. चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग. बट्टी खाल्लेल्या माणसापुढे हे सूत्र मांडणं हाच एक प्रयोग आहे आणि त्याला माझ्या कमिटीने कधीच परवानगी दिली नसती. पाहता पाहता माना खाली गेल्या. जागे दोघेच, बोलणारे आणि आमचे सर. सर प्रत्येक आकडा असा उतरवून घेत होते की हे सूत्र त्यांनी आधी कुठे पाहिलंच नाही. वर्गात ते स्वतः हेच शिकवतात.

संध्याकाळी गाडीला वेळ होता म्हणून मी त्यांना राजवाडे संशोधन मंडळाकडे नेलं. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या 31 डिसेंबरला धुळ्यातच वारले आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभं राहिलं. या माणसाने गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा केली, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करून खाल्लं, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले. मी जरा भारावूनच सांगत होतो. सर ऐकत होते. मग हळहळून म्हणाले, "बजेटच दाखवलं नाही हो त्यांनी. ट्रॅव्हल हेडमध्येच केवढं तरी मिळालं असतं."

सरांची थट्टा करणं सोपं आहे आणि मी ती करतो. पण त्यांच्या मनात एक सल आहे, तो समजून घ्यायला हवा.

तो सल केळीच्या पानाचा. भाजलेल्या जखमेवर केळीचं पान लावलं तर ते चिकटत नाही आणि पट्टी काढताना रोगी किंचाळत नाही. हे खेड्यातल्या सुईणींना माहीत असेल-नसेल, पण मुंबईच्या डॉक्टरांनी ते रीतसर करून पाहिलं. पान निर्जंतुक करून ड्रेसिंग म्हणून वापरलं, उकडलेल्या बटाट्याच्या सालीशी तुलना केली आणि 2003 साली 'बर्न्स' नावाच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले. न दुखण्यात दोन्ही सारखी, पण स्वस्ताईत आणि सोपेपणात पान सरस ठरलं. आता केळी कोणाची? रावेरची, यावलची, आमची. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आणि आम्ही काय करत होतो? त्या पानावर भरीत वाढून घेत होतो. "पान आपलं, पेपर त्यांचा!" हे वाक्य सर उच्चारतात तेव्हा त्यांचा गळा दाटतो. प्रयोगशाळेतलं किंवा घरगुती ज्ञान रोग्याच्या खाटेपर्यंत नेण्याला ट्रान्सलेशनल रिसर्च म्हणतात आणि त्यासाठी अमेरिकेने 2006 पासून विद्यापीठाविद्यापीठांना रकमा वाटल्या, हे सगळं ते या पानापासून सुरू करून सांगतात. घरातला लहान मुलगा 'पान' म्हणाला तरी ते अमेरिकेला पोहोचतात.

त्यानंतर त्यांनी स्वतःचा विषय घेतला, केळीबागेतल्या मजुरांचे पाय. ओल्या मातीत अनवाणी काम, त्यात साखर वाढलेली, तिने पायाची जाणीव जाते, काटा मोडला तरी कळत नाही आणि जखम हाडापर्यंत जाते. विषय सोन्यासारखा. पण सरांनी तो बागेत कमी आणि फॉर्मात जास्त नेला. जो निधी निघेल त्याचा पोशाख त्याच पायाला. हवामानबदलाची योजना आली, पाय उन्हाच्या तडाख्यात उभा राहिला. कृत्रिम बुद्धिमत्तेची आली, पायाचा फोटो काढून यंत्राला दाखवायचा ठरला. बायरॅकची आली, पायाला चप्पल आली. सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन 2023 च्या जुलैत सुरू झालं. 2047 पर्यंत निर्मूलन आणि 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. तेव्हा सर सातपुड्यातल्या पाड्यांवर पाय घेऊन निघाले. सिकलसेलमध्येही पायाला जखमा होतात, हे त्यांनी सप्रमाण दाखवलं. समितीने कळवलं, प्रस्ताव चांगला आहे, पण पुढच्या वेळी.

भाऊ रावेरला बाग बघतो. तो एकदा म्हणाला, "काय भो, इतके फॉर्म भरतो तू, तुझ्या ग्रँटीपेक्षा आमचा केळीचा विमा लवकर येतो." आणि केळीच्या विम्याची वाट पाहिलेल्या माणसालाच या वाक्याची धार कळेल.

स्वतः सर कायम सहसंशोधक. मुख्य संशोधकाची जागा ते दुसऱ्याला देतात, अगदी आग्रहाने. याला लोक विनय म्हणतात. खरं कारण वेगळं आहे. फार वर्षांपूर्वी त्यांना एक लहानसं अनुदान मिळालं होतं. रक्कम जमा झाली 26 मार्चला, खर्च करायची मुदत 31 मार्च. मधे रंगपंचमी आणि रविवार. सरांनी तीन कोटेशनं मागवली तोवर वर्ष संपलं. अखर्चित रक्कम व्याजासह परत करा, असं पत्र आलं, त्यासोबत ठरलेल्या सरकारी नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र मागितलं. काहीच उपयोग केला नव्हता, पण प्रमाणपत्र उपयोगितेचंच द्यायचं होतं. तेव्हापासून पैशाच्या कागदावर पहिली सही करायची म्हटलं की सरांच्या हाताला घाम येतो.

मात्र दुसऱ्यांच्या बाबतीत हाच माणूस वाघ. पोरांकडून आयसीएमआरची स्टुडंटशिप भरून घेणं हा त्यांचा दरवर्षीचा उद्योग. ही योजना 1979 पासूनची. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने दोन महिन्यांचं छोटं संशोधन करायचं, विद्यावेतन मिळतं. सर वसतिगृहात जाऊन मुलांना झोपेतून उठवतात. चोपड्याकडच्या एका मुलीने घरून विरोध असताना सर्पदंशावर प्रस्ताव दिला. वडिलांचं म्हणणं, साप चावलेल्यांना विचारत फिरणं हे काय मुलीचं काम? सर त्यांच्या घरी गेले, शेवभाजी खाल्ली, विद्यावेतनाचा आकडा सांगितला. वडील म्हणाले, "मग दोन सापांवर करू दे."

ज्येष्ठांनाही ते सोडत नाहीत. आता वैद्यकीय शिक्षकाला बढती हवी तर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेचा मूलभूत संशोधनाचा ऑनलाइन कोर्स करून परीक्षा द्यावी लागते. पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही तोच कोर्स. त्यामुळे हयातभर पोटं उघडलेले आमचे सर्जन आपल्याच विद्यार्थ्याशेजारी संगणकापुढे बसले आणि दबक्या आवाजात विचारते झाले, "अरे, पी व्हॅल्यू लहान चांगली का मोठी?" सरांनी त्यांच्यासाठी रविवारी घरी शिकवणी लावली होती. फी घेतली नाही. शेवटी पेढे घेतले, तेही मोजून सगळ्या बॅचला वाटले.

वर्गात मात्र ते दरवर्षी एक गोष्ट सांगतात, डॉ. हिंमतराव बावस्करांची. रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर, समोर विंचू चावून मरणारी माणसं. त्याने रात्र रात्र खाटेशेजारी बसून टिपणं ठेवली, 1982 साली 'लॅन्सेट'ने ती छापली. पुढे रक्तदाबावरची एक साधी गोळी, प्राझोसिन, विंचवावर लागू पडते हे त्याने दाखवलं. एवढं सांगून सर अडखळतात, कारण या गोष्टीत लास्ट डेट कुठेच येत नाही.

आणि मग, कोणालाही वाटलं नव्हतं तरी, पाय मंजूर झाला.

पत्र आलं तेव्हा मी केबिनमध्येच होतो. सरांनी ते पहिल्यांदा वाचलं ते 'खेद' हा शब्द शोधत. सापडला नाही. पुन्हा वाचलं. मग पाणी मागितलं. ज्यांना मुख्य संशोधक म्हणून घातलं होतं त्या मॅडमची बदली झालेली, तेव्हा नियमाप्रमाणे जबाबदारी सहसंशोधकावर. सर मला म्हणाले, "गुरुजी, पण आता हे करायचं कोणी?"

पहिले आठ दिवस त्यांनी रजा टाकली. मग कोटेशनं मागवली. पायाची जाणीव तपासायला एक नायलॉनचा दोरा लागतो. दाबला की दहा ग्रॅम भाराला वाकतो, बाकी त्यात काही नाही. त्या दोऱ्यासाठी तीन पुरवठादार, तुलनात्मक तक्ता आणि खरेदी समितीची बैठक. या वेळी झेरॉक्सवाल्याने मार्चच्या कितीतरी आधी सगळं उरकून दिलं.

ऑक्टोबर अखेरीस आम्ही रावेरला भावाच्या बागेत गेलो. सर, दोन इंटर्न, साइट मॉनिटरिंगसाठी मी, आणि अंगठ्यांसाठी शाईचा पॅड घेऊन झेरॉक्सवाला. वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना त्रयस्थ साक्षीदार लागतो, आणि त्याच्याइतका त्रयस्थ कोणी मिळाला नाही. घड वाहणाऱ्या बायका बांधावर बसल्या होत्या, हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. पहिली मावशी मूळची शिरपूरकडची. सरांनी संमतीपत्र वाचायला घेतलं, पहिल्या पानावरच ती म्हणाली, "सही कसाले जोयजे?"

सरांनी छापील उत्तर सुरू केलं, थांबले, कागद माझ्या हातात दिला आणि खाली मातीत बसले. अहिराणी त्यांना येत नाही, लेवा बोलीत बोलले. पाय बघतो, दुखणार नाही, नको म्हटलीस तर उठून जातो, तुझी मजुरी कोणी कापणार नाही. मावशीने पाय पुढे केला. त्यांनी तो स्वतः धुतला. तळव्यावर दोरा टेकवला, वाकवला.

"लागलं?"

"नही."

अंगठ्याखाली, टाचेवर, करंगळीच्या मुळाशी. नही, नही, नही. मग इंटर्नने टाचेच्या भेगेत बॅटरी धरली. आत बाभळीचा काटा होता, नखाएवढा, भोवती पांढरं झालेलं. किती दिवसांचा, असं विचारल्यावर मावशी म्हणाली, "माले काय मालूम!" आणि हसली. सरांनी चिमट्याने काटा काढला, कापसावर ठेवला, उजेडात धरला आणि खूप वेळ काही बोललेच नाहीत. त्या दिवशी त्यांनी एकोणीस पाय पाहिले आणि एकदाही फोन उघडला नाही. झेरॉक्सवाला मला कोपराने ढोसून म्हणाला, "गुरुजी, आज एक फॉर्म बंद होतोय पाच वाजता. सांगू का?" मी नको म्हटलं.

साडेपाचला भाऊ कागद घेऊन आला. केळीच्या विम्याची तारीख दोन दिवसांवर, सातबारा दोघांच्या नावे, सामाईक खातेदाराचं संमतीपत्र लागतं. "सही कर भो, दुकान बंद होईल."

सरांनी चष्मा लावला. कागद पुढून वाचला, मागून वाचला.

"यात जोखीम लिहिलेली नाही."

"कसली जोखीम?"

"आणि माघार घ्यायची असेल तर काय, तेही नाही. सहभागी व्यक्ती कोणत्याही वेळी, कारण न देता..."

"बापाच्या जमिनीतून माघार घ्यायची का तुला?" भाऊ ओरडला.

झेरॉक्सवाल्याने सवयीने शाईचा पॅड पुढे केला.